मास्केलिनाइट : लोणारच्या दगडातली काच आणि तिच्या नावाची गोष्ट



आत येताना दारावरचा फलक वाचून एका काकांनी आम्हाला विचारलं, "मास्केलिनाइट म्हणजे नवीन औषध आहे का हो?" प्रश्न रास्त आहे. नाव तसंच वाटतं. तर ते औषध नव्हे. ती एक काच आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या विवरात, काळ्या दगडाच्या पोटात ती डोळ्यांना दिसणार नाही इतक्या लहान कणांनी बसलेली आहे. लोणार कशाने झालं, ज्वालामुखीने की आकाशातून पडलेल्या दगडाने, हा वाद दीडशे वर्षं चालला. तो निकाली काढताना जे साक्षीदार पुढे आले, त्यांत सगळ्यात पक्का साक्षीदार ही काच. तिला नाव मिळालं ते मात्र इंग्लंडमधल्या एका खनिजशास्त्रज्ञाचं. आजची गोष्ट त्या नावाची आहे, आणि ते नाव वऱ्हाडात कसं येऊन पोचलं त्याची.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. आम्ही तिघे जण शाळेत शिकवून निवृत्त झालेलो. भूवैज्ञानिक कुणीच नाही. लोणार आम्हाला लहानपणी सहलीने दाखवलं गेलं, आणि काठावर उभे राहून गुरुजींनी सांगितलं की मुलांनो, हे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे. गुरुजींची चूक नव्हती. साठच्या दशकात बहुतेकांच्या वाचनात तेच येत होतं. पण पुढे आम्ही स्वतः मुलांना घेऊन त्याच काठावर उभे राहू लागलो, तेव्हा आम्ही "उल्का पडली" असं सांगत होतो. मध्ये नेमकं काय घडलं, कुणी आणि कशावरून ठरवलं, हे आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं. विद्यार्थ्याला निष्कर्ष सांगायचा आणि पुरावा सांगायचा नाही, असा व्यवहार आम्ही पंचवीस वर्षं केला. त्या शोधातून हे व्याख्यान झालं.

लोणारचं वर्णन तुमच्यापुढे करायचं म्हणजे मामाला मावशीची ओळख करून देण्यासारखं. तरी आकडे एकदा सांगतो. काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर. खोली दीडशे मीटरच्या आसपास. तळाशी खारं आणि अल्कधर्मी पाणी. भोवती सगळा दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, जो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून तयार झाला. विवराच्या भिंतीत हे थर उघडे पडलेले दिसतात. काठाजवळ मात्र ते आडवे नाहीत, बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, काही ठिकाणी उलथलेले आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

जुन्या लेखी नोंदी पाहायच्या तर अकबराच्या काळापर्यंत जाता येतं. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार आहे. इथे काच आणि साबण करायला लागणारे सगळे पदार्थ मिळतात, असं तो नोंदवतो. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, हेही नोंदवतो. काच हा शब्द तेव्हापासून लोणारला चिकटलेला आहे, ही गंमत. अर्थात अबुल फजलची काच म्हणजे तळ्यातल्या खारापासून भट्टीत होणारी. त्या खाराला आपल्याकडे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी जातीजातींची नावं होती. आज आपण बोलतोय ती काच कुठल्याही भट्टीत झालेली नाही.

लवणासुराची कथा सगळ्यांना माहीत आहे. भूमीखाली दडलेला दैत्य, विष्णूने अंगठ्याने उडवलेलं झाकण, ते दूर जाऊन पडलं, आणि उघड्या पडलेल्या बिळात पाणी साचलं. कुणी म्हणतं, पाहा, आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं. आम्ही तसं म्हणणार नाही. पण एवढं मान्य करतो की वर्तुळाकार खड्डा आणि बाहेर उडालेलं झाकण ही कल्पना ज्याने केली, त्याने ती जागा नीट पाहिली होती.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद घेतली. तिथून युरोपीय लोकांचं लिहिणं सुरू होतं. १८२३ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडमध्ये स्विंडन गावाजवळ बॅसेट डाउन नावाच्या घरात एक मुलगा जन्माला आला. नेव्हिल स्टोरी मास्केलिन. लोणारची पहिली ब्रिटिश नोंद आणि ज्याचं नाव लोणारच्या काचेला लागणार तो माणूस, दोघे एकाच वर्षाचे. योगायोगच आहे, त्याला अर्थ नाही, पण साल पाठ ठेवायला सोपं जातं.

या मुलाच्या आईचे वडील म्हणजे नेव्हिल मास्केलिन, इंग्लंडचे राजज्योतिषी. राजज्योतिषी म्हणजे कुंडल्या मांडणारे नव्हेत बरं का. ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख. समुद्रावर रेखांश कसा काढायचा हा त्या शतकाचा मोठा प्रश्न होता, त्यात चंद्राच्या वेधांची बाजू त्यांनी धरली. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका डोंगराजवळ लंबक किती कलतो ते मोजून त्यांनी पृथ्वीची घनता काढण्याचा प्रयोग केला. पुढे चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलं गेलं. हे विवर शांतिसागराच्या भागात आहे. अपोलो ११ ज्या मैदानात उतरलं, तेच मैदान. आजोबांचं नाव चंद्राच्या विवराला, आणि नातवाचं नाव पृथ्वीवरच्या विवरातल्या काचेला. याकडे आपण पुन्हा येऊ.

नातू ऑक्सफर्डला शिकला. वडिलांची इच्छा त्याने वकील व्हावं अशी होती, पण त्याचा जीव रसायनात आणि स्फटिकांत. छायाचित्रण नुकतं जन्माला आलं होतं, त्याचाही नाद. १८५६ मध्ये ते ऑक्सफर्डला खनिजशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १८५७ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या खनिज विभागाचे प्रमुख. या दुसऱ्या जागेवर ते १८८० पर्यंत होते. नंतर खासदार झाले. त्यांची पत्नी थेरेझा ल्युलिन हिनेही तरुणपणी वडिलांबरोबर चंद्राची छायाचित्रं काढलेली. म्हणजे घरात चंद्र दोन्हीकडून.

आता म्युझियममध्ये बसून त्यांनी काय केलं? जगभरातून येणारे अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड, जमवले आणि तपासले. आणि "जगभरातून" म्हणताना त्यात हिंदुस्थानचा वाटा फार मोठा होता. दगड काही इथे जास्त पडत नाहीत. पण दाट वस्तीचा मुलूख, शेतात दिवसभर माणसं, आणि वर कंपनीचं आणि मग राणीचं राज्य. आवाज झाला, दगड सापडला, की पाटलाकडून मामलेदाराकडे, मामलेदाराकडून साहेबाकडे, तिथून कलकत्त्याला आणि कलकत्त्याहून लंडनला. शेतकऱ्याने पुजायला ठेवलेले दगडही या वाटेने गेले असतील. या प्रवासाचं आम्हाला वाईट वाटतं, आणि त्याच वेळी हेही दिसतं की गेले म्हणून ते तपासले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यांची वजाबाकी करून एक उत्तर काढता येत नाही.

त्यातला एक दगड आपल्या शेजारचा आहे. खानदेशातलं मानेगाव, जुन्या एदलाबादजवळचं, म्हणजे आजचं मुक्ताईनगर. आपल्या मलकापुराला लागूनच. तिथे १८४३ मध्ये एक अशनी पडला. तो मास्केलिन यांनी तपासला आणि १८७० च्या सुमारास रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. त्याच लेखमालेत उत्तर प्रदेशातल्या बस्तीजवळ १८५२ साली पडलेल्या अशनीचंही वर्णन आहे. बस्तीच्या त्या दगडात त्यांना बदामी-तांबूस रंगाचे बारीक गोल कण दिसले. कॅल्शियम आणि गंधक यांचं संयुग. पृथ्वीवर दमट हवेत टिकत नाही असला पदार्थ. नवीन खनिज होतं ते. शोधणाऱ्याने खनिजाला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, असा त्या मंडळींत संकेत आहे. मास्केलिन यांनी १८६२ मध्ये त्याला नाव दिलं ओल्डहॅमाइट. कुणाच्या सन्मानार्थ? कलकत्त्याला १८५१ पासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची घडी बसवणाऱ्या थॉमस ओल्डहॅम यांच्या.

आता थोडं पुढे. १८६५ च्या ऑगस्ट महिन्याच्या २५ तारखेला बिहारमध्ये शेरघाटी इथे साधारण पाच किलोचा एक दगड पडला. शेरघाटी गया जिल्ह्यात आहे. आपलं लोणार विष्णुगया, आणि हा दगड खुद्द गयेचा. त्याचा अभ्यास केला व्हिएन्नाच्या गुस्ताव चेरमाक यांनी. बादशाही खनिजसंग्रहाचे ते संचालक होते. (यांचा एक मुलगा एरिक हा मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांचा पुनर्शोध लावणाऱ्यांपैकी एक. घराणीच असतात अशी काही.)

चेरमाक यांनी काय पाहिलं, हे समजायला एक छोटीशी कृती समजून घेऊ. दगडाची चकती घासून घासून इतकी पातळ करतात की तिच्यातून उजेड जावा. केसाच्या जाडीहूनही पातळ. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि वर-खाली दोन खास भिंगं अशी लावायची की मधे काही नसेल तर सगळा अंधार दिसेल. मधे स्फटिक आला की तो उजेडाला वळवतो आणि अंधारात उजळून दिसतो. चकती गोल फिरवली की तो उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. काच मात्र विझलेलीच राहते, कितीही फिरवा. कारण स्फटिकातले अणू कवायतीसारखे रांगेत उभे असतात आणि काचेतले जत्रेसारखे. अशनींच्या अशा चकत्या करून पाहणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत मास्केलिन होते.

शेरघाटीच्या दगडात चेरमाक यांना फेल्डस्पारच्या आकाराचे कण दिसले. फेल्डस्पार हे बेसाल्टमधलं नेहमीचं पांढुरकं खनिज. रसायन तपासलं तर तेही फेल्डस्पारचंच, लॅब्राडोराइट नावाच्या जातीच्या जवळचं. पण चकती फिरवली तर कण काळाच. आकार स्फटिकाचा, रसायन स्फटिकाचं, वागणूक काचेची. घर उभं आहे, भिंती-खिडक्या जागेवर आहेत, आणि विटांतला चुना कुठे नाहीसा झाला कळत नाही, असा प्रकार. हे कसं झालं असेल याचं उत्तर १८७२ मध्ये कुणाकडेच नव्हतं. चेरमाक यांनी त्याला नाव दिलं मास्केलिनाइट.

म्हणजे साखळी पाहा. बस्तीच्या दगडातून मास्केलिन यांनी कलकत्त्याच्या ओल्डहॅमना मान दिला. शेरघाटीच्या दगडातून व्हिएन्नाच्या चेरमाक यांनी लंडनच्या मास्केलिनना. दगड दोन्ही वेळा आपल्या मातीत पडलेले. आणि ओल्डहॅम यांनी उभ्या केलेल्या त्या सर्वेक्षणाच्याच लोकांनी शंभर वर्षांनी लोणारच्या तळ्यात भोकं पाडली, तेव्हा वर आलं ते मास्केलिनाइट.

मधल्या शंभर वर्षांत लोणारचं काय चाललं होतं? बहुतेकांचा कौल ज्वालामुखीला. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड हे सर्वेक्षणातले नाणावलेले भूवैज्ञानिक. त्यांच्या नावानेही आपल्या विदर्भातल्या एका खनिजाला ब्लॅनफर्डाइट म्हटलं गेलं, नागपूर जिल्ह्यातल्या काचुरवाहीच्या परिसरातलं. तेही लोणारबाबत ज्वालामुखीच्या स्फोटाकडे झुकलेले. आता हे समजण्यासारखं आहे. भोवती शेकडो मैल लाव्हाचा दगड. त्यात गोल खड्डा. दुसरा विचार कुणाच्या मनात येणार? अडचण एवढीच होती की लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, आणि खड्डा दिसतो कालपरवाचा. काठ अजून झिजलेला नाही. लाव्हा थंड होऊन एवढा काळ गेल्यावर एकाच जागी एकच स्फोट कसा व्हावा? आणि झालाच तर राख, नवा लाव्हा कुठे आहे? यावर वाफेचा स्फोट, जमीन खचणं, अशा तोडग्यांची भर पडत गेली. १९१० मध्ये ला टूश यांनी जागेची पाहणी केली. तरी गाडी त्याच रुळावर.

याआधी १८९६ मध्ये अमेरिकेत गिल्बर्ट या मोठ्या भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या एका खड्ड्यावर लिहिताना लोणारची आठवण काढली होती. दोन्ही सारखे दिसतात म्हणून. पण त्या खड्ड्यालाच त्याने वाफेच्या स्फोटाचा मानलं. साम्य बरोबर ओळखलं आणि दोन्हींचं कारण चुकवलं. ॲरिझोनाचा निकाल लागला १९६० मध्ये. तिथे वाळूच्या दगडात क्वार्ट्झ भरपूर. प्रचंड दाबाखाली क्वार्ट्झचं कोएसाइट नावाचं रूप होतं, ते शूमेकर आणि चाओ यांना तिथे सापडलं. ज्वालामुखीत इतका दाब नसतो. खटला संपला.

मग लोणारला हीच कसोटी का लावली नाही? कारण बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. जो साक्षीदार ॲरिझोनात बोलला तो आपल्याकडे हजरच नव्हता. १९६४ मध्ये लाफाँड आणि डीट्झ यांनी लोणारवर लेख लिहिला, तो अशनीचं विवर असावं असं सुचवणारा. त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं. ते आम्हाला फार आवडलं. जेवढा पुरावा तेवढंच बोलणं.

बेसाल्टमध्ये दुसरा साक्षीदार शोधायला हवा होता, आणि तो होता फेल्डस्पार. १९६३ मध्ये मिल्टन आणि दी कार्ली या दोघांनी एक प्रयोग केला. गॅब्रो म्हणजे बेसाल्टचाच जाड दाण्याचा भाऊ. त्याला स्फोटकांचा तडाखा दिला. तपासलं तर आतला फेल्डस्पार आकार न बदलता काच झालेला. नव्वद वर्षं कोडं होऊन बसलेलं चेरमाक यांचं मास्केलिनाइट माणसाच्या हाताने तयार झालं. ते कसं होतं तेही कळलं. आघाताची लाट स्फटिकातून निमिषाच्याही लहान भागात निघून जाते. अणूंना वितळून वाहायला वेळ मिळत नाही, पण रांग मोडते. यासाठी लागणारा दाब साधारणपणे दोन ते चार लाख वातावरणांच्या घरात. ज्वालामुखीच्या स्फोटातला दाब या आकड्याच्या आसपासही फिरकत नाही. म्हणून जिथे मास्केलिनाइट, तिथे आघात. १९६७ पर्यंत कॅनडातल्या दोन विवरांत ते सापडलंही.

आणि आता चंद्र. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, दगड घेऊन आला. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांना सागर म्हणतात, ते बेसाल्टचे. त्यावर असंख्य विवरं. ते दगड समजून घ्यायला पृथ्वीवर बेसाल्टमध्ये झालेलं एखादं ताजं विवर हवं. असं विवर तेव्हा ठाऊक होतं ते एकच, तेही प्रश्नचिन्हासह. बुलढाणा जिल्हा, तालुक्याच्या ठिकाणापर्यंतही धड रस्ता नसलेला. चंद्रावर जाणाऱ्यांना लोणारला यावं लागलं, हे वाक्य आम्ही वर्गात नेहमी थोडं नाटकीपणे म्हणायचो. पण खोटं नाही ते.

सत्तरीच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तळ्यात वेधनं घेतली. अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आणि तिथलं भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांचे शास्त्रज्ञ सोबत होते. वरचा सुमारे शंभर मीटर गाळ भेदून यंत्र खाली गेलं, तिथे चुराडा होऊन पुन्हा सांधलेला दगड लागला. आम्ही काहीजण तेव्हा कॉलेजात होतो. तळ्यात तेल निघणार आहे, अशी पंचक्रोशीत बातमी होती!

मे १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध आला. लेखक चार. स्मिथसोनियनचे कुर्ट फ्रेड्रिक्सन, आपल्या सर्वेक्षणाचे ए. दुबे आणि एम. एस. बालसुंदरम, आणि डॅनियल मिल्टन. हो, तेच मिल्टन, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी स्फोटकांनी मास्केलिनाइट करून दाखवलं होतं. ज्याने प्रयोगशाळेत ती काच पाहिली, त्यालाच लोणारच्या दगडात ती ओळखता आली. निबंधात तीन गोष्टी होत्या. आघाताच्या लाटेने शंकूसारखे फुटलेले तुकडे, काचेचे कण, आणि मास्केलिनाइट. काही नमुने अपोलोने आणलेल्या चंद्राच्या दगडांशी जुळणारे. लोणार हे आघाताचं विवर आहे. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह गेलं. १८२३ ते १९७३, बरोबर दीडशे वर्षं.

तीनच वर्षांनी सुसान किफर आणि सहकाऱ्यांनी लोणारच्या दगडांची आघाताच्या तीव्रतेप्रमाणे प्रतवारी लावली. कमी तडाखा बसलेला, मग मास्केलिनाइट झालेला, मग वितळलेला, अशी चढण. ही प्रतवारी पुढे चंद्राच्याच नव्हे तर मंगळाच्या दगडांसाठी वापरात आली. कारण शेरघाटीचा तो दगड, ज्यातून हे नाव निघालं, तो मंगळावरचा निघाला! १९८०च्या दशकात हे स्पष्ट झालं. अंटार्क्टिकात सापडलेल्या त्याच जातीच्या एका अशनीत अडकलेले वायू, व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळले. या जातीच्या अशनींना आज जगभर शेरगोटाइट म्हणतात. म्हणजे गया जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव मंगळाच्या दगडांना लागलं. नावांच्या हिशेबात हे कुणी धरत नाही.

हिशेबावरून आठवलं. जिल्ह्यातल्याच एका ठिकाणी हे सांगत असताना आठवी-नववीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "सर, विवर आपलं, दगड आपला, मग नाव त्यांचं कसं?" टाळ्या पडल्या. आम्ही जरा गडबडलो. उत्तर सरळ आहे की नाव १८७२ चं, लोणारच्या शोधाआधी शंभर वर्षांचं. लोणारमधून ती काच पहिल्यांदा सापडली असती तर कदाचित नाव वेगळं असतं. पण तिच्या प्रश्नात जे होतं ते या उत्तराने भागत नाही, हे आम्हालाही कळत होतं. आम्हाला स्वतःला मास्केलिन या नावाचं वावडं नाही. माणूस कामाचा होता, आणि नाव दिलं दुसऱ्याने. आम्हाला खटकतं ते वेगळंच. तुमच्यापैकी किती जणांनी आज पहिल्यांदा दुबे आणि बालसुंदरम ही नावं ऐकली? हात वर करा. ... पाहा. लोणारवर शेकडो माहितीपत्रकं निघाली. त्यांत दैत्यसूदनाच्या मंदिराचं शिल्प येतं, यायलाच हवं. पण कसोटी कुणी लावली हे सांगणारी ओळ बहुतेकांत नाही. आमच्या वर्गातही नव्हती, म्हणून तक्रारीचा पहिला अर्ज आमच्याच नावाने.

आणखी एक. काटेकोर पाहिलं तर मास्केलिनाइट हे खनिजच नाही. खनिजाला अणूंची रांग लागते, आणि हिची रांग तर मोडलेली. ब्लॅनफर्डाइट हे नावही आता स्वतंत्र खनिज म्हणून धरत नाहीत. मास्केलिनाइट मात्र टिकलं, कारण कामाला येतं. तेही वादाशिवाय नाही. २००० मध्ये चेन आणि एल गोरेसी यांनी मांडलं की शेरघाटीतली ही काच न वितळता झालेली नाही, दाबाखाली वितळून लगेच थिजलेली आहे. तज्ज्ञ अजून भांडतात. लोणारच्या निकालाला त्याने धक्का लागत नाही, कारण तेवढा दाब दोन्ही बाजूंना मान्य आहे.

वयाचं काय, असं पुढच्या रांगेतून विचारताहेत. लोणारचं वय पन्नास हजार वर्षं असं आपण पाठ केलंय. दगडाला उष्णता देऊन त्यातला साठलेला उजेड मोजायच्या पद्धतीने ते आलं होतं. २०११ मध्ये झूर्दाँ आणि सहकाऱ्यांनी आघातात वितळलेल्या दगडातल्या अरगॉन वायूवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं काढलं. दहापट फरक आहे. फलकांवर अजून जुना आकडा दिसतो. आम्ही सध्या मुलांना दोन्ही सांगतो, आणि कोणता कशावरून आला तेही.

ती काच आम्ही एकदा पाहिली. एका महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांनी जुन्या संग्रहातली चकती दाखवली. भिंगं जुळवली. खाली राखाडी-पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांचे फेल्डस्पार, रंगीत पायरोक्सिन, जत्रेतल्या शोभादर्शकासारखं सगळं फिरवताना उजळतंय, विझतंय. मग त्यांनी दुसरी चकती लावली. लांबट पट्टीसारखा तसाच आकार, तशाच कडा. फिरवलं. काळा. पुन्हा पूर्ण फेरा. काळाच. आमच्यातले एक जण म्हणाले, "दिवा गेला का हो?" दिवा लागलेला होता, शेजारचे रंगीत दाणे चमकत होते. काही वेळ कुणी बोललं नाही. पंचवीस वर्षं सांगितलेल्या वाक्याचा पुरावा पाहायला आम्हाला साठी ओलांडावी लागली.

जाता जाता एक विनंती आणि एक हकीगत. विनंती ही की लोणारचे दगड खिशात घालून आणू नका. नुसत्या डोळ्यांना त्यात काही दिसणार नाही, आणि तो परिसर संरक्षित आहे. विवरातून उडालेला माल काठापासून किलोमीटरभराहून जास्त लांब पसरला आहे. लोणार गाव त्यावरच वसलंय. घरांचे पाये, रस्ते, शेतं सगळी त्यावर. चकतीतली ती काच यातल्याच कुठल्याशा खड्यात असते.

हकीगत काठाबाहेरच्या एका शेतकरीदादांची. विहीर खणताना काय काय लागलं, असं आम्ही विचारलं. ते म्हणाले, "वर माती, मंग फुटका-तुटका मिसळ मुरूम, लहानमोठे दगड सगळे खिचडीवानी. त्याच्या खाली पुन्हा माती लागली. इथं असंच हाये, म्हणून कुणी काही म्हनत नाही." मुरमाखाली पुन्हा माती, हे भूवैज्ञानिकांनीही नोंदवलंय. वरचा मुरूम त्या दिवशी विवरातून उडून आलेला. आणि खालची माती म्हणजे आदल्या दिवशीची जमीन. ती पाहायची असेल तर दादा म्हणाले, उन्हाळ्यात या, पाणी खाली गेलेलं असतं.